बडोद्याहून नऊ दिवस: काळवीट, सिंह, घुडखर आणि ओहोटीचा समुद्र. कुठे किती थांबायचं?

माहेर_प्रतापनगर

नमस्कार मंडळी.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरला तेव्हा आमच्या ओट्याखाली, पाण्याच्या मोटरीशेजारी, एक मगर बसलेली होती. चार-साडेचार फुटांची. सोडवणारी मुलं येईपर्यंत दोन तास ती जागची हलली नाही, आणि माझी लेक जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून ते दोन्ही तास तिच्याकडेच बघत होती. बाकी गल्ली ओरडत होती. ही मात्र मधूनच हळू आवाजात सांगायची, "आई, तिच्या गळ्याखालची कातडी हलतेय." तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

आता २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी अशी नऊ दिवसांची रजा जमवली आहे. लेकीची अट एकच: आपल्या मातीतले, मोकळे प्राणी बघायचे. पिंजऱ्यातला एकही नको. आम्ही पाच जण आहोत. आम्ही दोघं, लेक (अकरावं लागलंय), धाकटा सहा वर्षांचा, आणि सासरे. त्यांचं वय ७६, गुडघे दुखतात, पण "मला घरी ठेवून गेलात तर बघा" असं त्यांनी आधीच बजावलंय.

यजमानांनी केलेला बेत असा: पहिल्या दिवशी वेळावदर, मग सासण (गीरचं जंगल), दीव, सोमनाथ-द्वारका, जामनगर, कच्छात नलिया, धोरडोचं पांढरं रण, दसाड्याला छोटं रण, आणि शेवटच्या दिवशी नळ सरोवर करून घरी. गाडी घरची आहे. मला मनातून हे फार वाटतंय, पण काय वगळावं ते कळत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

मांजलपूरकर

एवढी धावपळ कशाला? केवडियाला जंगल सफारी आहे, दोन तासांवर. जिराफ, झेब्रा, सगळं बघून संध्याकाळी घरी. सासऱ्यांनाही सोयीचं.

माहेर_प्रतापनगर

दादा, तिथे जाऊन आलोय. पण जिराफ आणि झेब्रा आफ्रिकेचे. लेकीला इथला प्राणी त्याच्या स्वतःच्या घरात बघायचा आहे, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पाणकावळा

ताई, लेकीची अट वाचून फार बरं वाटलं. तिच्याच बाजूने बोलतो: या बेतातून निम्मं काढा.

कारण सांगतो. प्राणी दिसतात ते उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास आणि ऊन कलल्यावरचे दोन तास. मधल्या वेळात सिंह सावलीला झोपलेला असतो आणि काळवीटही बसकण मारतं. रोज मुक्काम बदलला की सकाळी तुम्ही सामान बांधत असता आणि संध्याकाळी हॉटेल शोधत असता. म्हणजे नेमके तेच चार तास गाडीत जातात. नऊ दिवसांत दोन हजार किलोमीटर होतील आणि मुलांच्या लक्षात ढाबे राहतील. एका जागी दोन रात्री राहिलात तरच एक अख्खी पहाट आणि दोन संध्याकाळी हातात येतात.

माझं मत: वेळावदर, सासण, जामनगर, दसाडा. बस. कच्छ पुन्हा कधीतरी. माळढोकासाठी तर नलियाला मुळीच जाऊ नका. तिथे आता मोजक्या माद्या उरल्यात, त्यांना माणसांपासून दूर राहू देणं हीच त्यांची सेवा.

फाफडाप्रेमी

उत्तरायण उरकून निघताय, म्हणजे पक्क्या बडोदेकर! पतंग सोडून कोण जातो गाव सोडून?

विश्वामित्री

पतंगाचं निघालंच आहे तर दोन ओळी लिहितो, ताईंनी राग मानू नये. १४ आणि १५ जानेवारीला आम्ही जखमी पक्षी उचलायला फिरतो. मांज्याने पंख कापलेले काळे शराटी, बगळे, घारी येतात. मागच्या खेपेला एका रंगीत करकोच्याच्या पंखातून मी चौदा फूट दोरा सोडवला. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, तेव्हा थवे जात-येत असतात. आणि गच्चीवर, झाडावर अडकलेला दोरा नंतर गोळा करून टाका. तुमच्या लेकीला हे काम नक्की आवडेल.

मगरीबद्दलही सांगतो. त्या पुरात तीन दिवसांत दोन डझन मगरी वस्तीतून सोडवल्या गेल्या. २०२५ च्या गणतीत विश्वामित्री नदीत ४४२ मगरी मोजल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध एवढ्या मगरी, हे बघायला बाहेरगावचे लोक येतात. हिवाळ्यात दहा-अकराच्या उन्हाला काळाघोड्याच्या पुलावरून काठाच्या चिखलाकडे नजर टाका. दगड समजून सोडून दिलेल्यातला एखादा तोंड उघडून बसलेला असतो. तोंड उघडणं म्हणजे चिडणं नव्हे, अंगातली उष्णता सांभाळायची ती त्यांची रीत आहे.

निशिगंध

आम्ही मागच्या वर्षी सासणला गेलो होतो, आमची चूक तुम्ही करू नका म्हणून लिहितेय.

परवाना आम्ही एका एजंटकडून काढून घेतला. त्याने माझ्या आईचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भलताच टाकला. पहाटे सहाला, कडाक्याच्या थंडीत, फाटकाशी कागद तपासले तेव्हा ते कळलं. वनखात्याच्या माणसाचा दोष नव्हता, नियम नियमच. आई एकटी खोलीवर परतली, आम्ही चौघं जिप्सीत. सिंहीण दिसली, तीन बछड्यांसकट दिसली, पण परत येऊन आईला ते सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा परवाना सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढा, ज्या ओळखपत्राचा नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र बरोबर घ्या, आणि मुलांची कागदपत्रंही. आजोबांना जिप्सीत मागच्या चाकांवर बसवू नका, दणके फार बसतात. त्यांना पुढच्या बाजूला बसवा आणि कमरेमागे घडी घातलेली शाल ठेवा.

गिरनारी

गीरला मी अकरा वेळा गेलोय, त्या अधिकाराने लिहितो.

२६ जानेवारीला सासणला पोचू नका. सोमवारी सुट्टी आली म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार अख्खं अहमदाबाद-राजकोट तिथे. २७ पासून जंगल शांत होतं. ताई, तुमच्या तारखा त्या दृष्टीने छान आहेत: आधी दोन रात्री वेळावदर, मग सासण.

दुसरं, देवळिया. तिथे कुंपणाच्या आत सिंह ठेवलेत, बसने फिरवतात. बुधवारी बंद असतं आणि २८ ला बुधवार आहे, हे आधीच लिहून ठेवा.

तिसरं आणि महत्त्वाचं: दोन सफारी घ्या, एकच नको. एक पहाटेची, एक दुपारची. पहिल्या खेपेला सगळे मान वळवून वळवून सिंहच शोधतात. दुसऱ्या खेपेला मन निवतं, मग जंगल दिसायला लागतं. पानगळीचा साग, त्याच्याखाली पानं उलटवणारे मोर, माकडं वरून फांद्या टाकतात आणि चितळं खाली ती खातात. मध्येच एखादं चितळ कर्कश ओरडतं, की सगळं रान एका दिशेला बघतं. तेव्हा ड्रायव्हर गाडी बंद करतो. ती शांतता मुलांना ऐकू द्या.

माहेर_प्रतापनगर

देवळियाबद्दल घरात वाद आहे. सासरे म्हणतात बसमध्ये गुडघ्यांना आराम, लेक म्हणते कुंपण म्हणजे पिंजराच.

आबा_अकोटा

बाळ, तुझ्या लेकीला या आबाचा निरोप सांग. देवळियाचे सिंह इथलेच आहेत, साग-बाभळीचं रान तेच आहे. ज्याला जिप्सी झेपत नाही त्याने ते दार वापरलं तर त्यात उणेपणा नाही. मी ८१ वर्षांचा आहे, मागच्या डिसेंबरात देवळियाच्या बसमधूनच सिंह बघितला. आयाळ पाठमोरी, पोटाखाली चामडीची लांब घडी लोंबणारी. ती घडी आपल्या सिंहाची खूण. आफ्रिकेतल्यांना ती सहसा नसते आणि त्यांची आयाळही दाट.

आमच्या घरात गीरची आठवण जुनी आहे. अमरेली, धारी, कोडिनार हा मुलूख गायकवाडांचा, बडोदे संस्थानचा. माझे आजोबा कारकून म्हणून अमरेली प्रांतात होते. धारीहून परत येताना बैलगाडीच्या बैलांनी पाऊल टाकायचं नाकारलं आणि रात्रभर सगळे शेकोटी करून बसले, ही गोष्ट मी लहानपणी इतकी ऐकलीय की ती शेकोटी मला दिसते. त्या काळी सिंह फार थोडे उरले होते. जुनागढच्या नवाबाने शिकार आवरली म्हणून बी राहिलं. २०२० ला ६७४ आणि २०२५ च्या गणतीत ८९१. माझ्या एका आयुष्यात हे घडलेलं बघितलं.

पाणकावळा

आबा, काय सुंदर लिहिलंत.

आकडा वाढला याचा आनंद आहेच, पण सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत ही काळजीही आहे. २०१८ ला साथ आली तेव्हा काही आठवड्यांत वीसच्या वर सिंह गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्यायला सांगितलं होतं.

गिरनारी

कुनोला कशाला? सिंह स्वतःच्या पायांनी नवी घरं शोधतोय. अमरेली, भावनगरच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, बरड्याच्या डोंगरातही गेला. पोरबंदरजवळच्या त्या बरडा अभयारण्यात २०२४ पासून सफारीही सुरू आहे. इथल्या मालधाऱ्यांची, म्हणजे गुरं राखणाऱ्यांची, म्हैस सिंहाने मारली तर ते भरपाई घेतात आणि पुन्हा त्याच रानात राहतात. अशी माणसं दुसरीकडे कुठे मिळणार?

पाणकावळा

माणसांबद्दल शंभर टक्के मान्य. पण बरडा आणि गीर साथीच्या दृष्टीने जवळच. यावर वेगळा धागा काढू, ताईंचा बेत राहून जाईल.

मांजलपूरकर

बरं, मग रस्त्याचं सांगतो. भावनगरला जायला दहेजहून घोघ्याची बोट आहे. गाडी बोटीत घाला, वेळ वाचेल.

फाफडाप्रेमी

दहेजची फेरी बंद झाली हो दादा. नोव्हेंबर २०२० पासून हजीरा ते घोघा अशी आहे. हजिऱ्याला जायचं म्हणजे आधी सुरत गाठायची. त्यापेक्षा बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा असा सरळ रस्ता धरावा. चार तासांत वेळावदर. आणि सकाळी निघण्याआधी सेव-उसळ खाऊन घ्या, पुढचे नऊ दिवस बडोद्यासारखी मिळणार नाही.

पाणकावळा

वेळावदरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक तिथे तासभर थांबून "हरणं बघितली" म्हणून पुढे जातात.

उद्यान छोटं आहे, साधारण ३४ चौरस किलोमीटर. पूर्वी भावनगर संस्थानचं कुरण. पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची ती इथेच. १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आता गुडघाभर पिवळं गवत आणि त्यात काळे-पांढरे नर. एकेक नर आपली जागा धरून उभा असतो, मान मागे टाकून, शिंगं पाठीला लागतील अशी. दुसरा हद्दीत आला की दोघांच्या शिंगांचा खडखड आवाज गाडीपर्यंत येतो.

पण खरा ऐवज संध्याकाळी. मध्य आशियातून हिवाळ्याला आलेले हॅरियर, मराठीत भोवत्या म्हणतात ते शिकारी पक्षी, दिवसभर आसपासच्या कापसाच्या, हरभऱ्याच्या शेतांवरून नाकतोडे आणि टोळ टिपत फिरतात. सूर्य मावळतीला टेकला की चारही दिशांनी गवताकडे परततात. आधी एक, मग पाच, मग मोजणं सुटतं. ते झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर रात्र काढतात. त्यामुळे उतरताना आधी खूप खाली येऊन घिरट्या घालतात, जागा पसंत नाही पडली की पुन्हा वर. जगात त्यांच्या एवढ्या मोठ्या रातथाऱ्याच्या जागा फार थोड्या आहेत. आजोबांना यासाठी एक पाऊलही चालायला लागणार नाही, गाडीच्या खिडकीतून सगळं दिसतं.

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ पट मोठं दिसतं, भिंग ४२ मिलिमीटरचं, त्यामुळे संधिप्रकाशात उजेड पुरतो. दहापट घेतली तर मुलांच्या हातात चित्र थरथरतं.

माहेर_प्रतापनगर

हे वाचून दाखवलं. सासऱ्यांनी कापसाच्या शेतांवर टोळ खाणारे शिकारी पक्षी म्हटल्याबरोबर वही काढली.

भरती_ओहोटी

मी जामनगरला सात वर्षं नोकरीला होतो. तिथल्या नराराच्या किनाऱ्यासाठी नुसती तारीख बघून जमत नाही, तिथी बघायला लागते.

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९८२ मध्ये झालेलं देशातलं पहिलं. इथे पाण्यात बुडी न मारता प्रवाळ बघता येतात, कारण ओहोटीला समुद्र खूप मागे सरतो आणि खालचा खडक उघडा पडतो. पण हे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. त्या दिवशी गेलात तर चिखल बघून परत याल. माघी पौर्णिमा यंदा १ फेब्रुवारीला आहे, तेव्हा २९ ते ३१ जानेवारी जामनगरला असलात तर तुमचं नशीब उत्तम. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ वनखात्याच्या कचेरीत विचारा, परवाना आणि वाटाड्या तिथेच मिळतो. पाणी उतरत असताना आत शिरायचं आणि ते वळायला लागलं की वाटाड्याचं ऐकून निमूट मागे फिरायचं.

नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घाला. चपला चिखलात राहतात आणि प्रवाळाने पाय कापतो. समुद्रफुलं दिसतील, समुद्रकाकडी, खेकडे, आणि नजर असेल तर ऑक्टोपस. तो खडकाच्या फटीत बसलेला असतो, खडकाच्याच रंगाचा. मुलं आधी "कुठे, कुठे" म्हणतात, आणि मग खडकाला डोळा फुटल्यासारखा तो दिसतो.

एक कळकळीची विनंती. काही ठिकाणी पर्यटकांना खूश करायला फुगा मासा हातात धरून फुगवून दाखवतात. तो घाबरून फुगतो, जीव वाचवायला. तसं करू देऊ नका. नम्रपणे सांगा की आम्हाला पाण्यातच बघायचाय.

सासऱ्यांना नराराच्या निसरड्या खडकांवर नेऊ नका. त्यांच्यासाठी खिजडिया आहे, जामनगरपासून अगदी जवळ. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. सपाट वाट, जागोजागी बसायला जागा, आणि दोन्ही पाण्यांचे वेगवेगळे पक्षी.

निशिगंध

उधाण आणि भांग हे शब्द माझ्या आजीकडून ऐकले होते, ती गुहागरची. बडोद्यात वाढल्यावर ते कानांवरून गेलेच. आज इथे वाचून तिचा आवाज आठवला.

मृगजळ

छोट्या रणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

४९५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं आणि हिवाळ्यात तीच जमीन भेगाळलेल्या पापडासारखी. घुडखर, म्हणजे आपलं रानगाढव, देशात मुख्यतः इथेच. साथींनी १९६० च्या दशकात काही शेवर आली होती, २०२४ च्या गणतीत ७६७२. ज्याला लोक ओसाड म्हणतात त्या जमिनीवर एवढे प्राणी जगतात ते बेटांमुळे. तिथे बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे, रणातला उंचवटा. पावसात तो पाण्याबाहेर राहतो आणि त्यावर गवत उगवतं.

आम्हाला पहिल्या वेळी एक जीपवाला मिळाला. फोटो चांगला यावा म्हणून त्याने घुडखरांच्या कळपामागे गाडी पळवली. ते ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत पळतात, दिसायला भव्य दिसतं. पण कळपात एक आठवडाभराचं शिंगरू होतं. ते मागे पडलं, आई वळून वळून बघायची. माझ्या मुलाने रडून गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या वर्षी आम्ही दसाड्याच्याच एका म्हाताऱ्या वाटाड्याबरोबर गेलो. त्याने गाडी लांब उभी केली, बिडी न पेटवता अर्धा तास बसला, आणि कळपच चरत चरत आमच्याकडे आला. नाकपुड्यांतून फुंकर मारल्याचा आवाज ऐकू आला. ठरवतानाच सांगा: पाठलाग नको.

सूर्योदयाआधी रणात असा. अकरानंतर मृगजळ सुरू होतं, प्राण्यांचे पाय विरघळून जातात आणि नुसती धडं तरंगताना दिसतात. तेही बघण्यासारखं आहे. आणि आगऱ्यांच्या मिठागराशी थांबून चहा घ्या. आठ महिने ते कुटुंबानिशी तिथे राहतात.

आबा_अकोटा

सगळ्यांनी लांबलांबचं सांगितलं, मी जवळचं सांगतो. निघायच्या आधी एखाद्या रविवारी डभोईच्या पुढे वढवाण्याला जाऊन या. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब तिथे शेकड्यांनी बसतात. दुर्बीण हातात धरायची, पक्ष्यावर लावायची, दुसऱ्याला जागा दाखवायची, हे सगळं मुलांना तिथे शिकवा. सासणला जाऊन शिकायला वेळ नसतो.

विश्वामित्री

आबांना दुजोरा. आणि मगरवेड्या मुलीला मलातजला न्या. चरोतरात, तासा-दीड तासावर. तळ्यात मगरी आणि काठावर खोडियार मातेचं देऊळ. मगर हे देवीचं वाहन, त्यामुळे तिथे कोणी तिला दगड मारत नाही. बायका एका काठाला कपडे धुतात, म्हशी पाण्यात असतात, मगर समोरच्या काठाला ऊन घेते. मात्र पाण्याच्या कडेपासून लांब उभं राहायचं, मुलांचा हात सोडायचा नाही. गावकऱ्यांना त्यांच्या मगरींच्या सवयी ठाऊक आहेत, आपल्याला नाहीत.

माहेर_प्रतापनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. २४ आणि २५ वेळावदर. २६ ला दुपारनंतर निघून रात्री सासण, तिथे तीन रात्री, दोन सफारी. सासऱ्यांसाठी देवळिया २७ ला. आबांचा निरोप वाचून लेकीने स्वतःच "आजोबांबरोबर मी जाते" म्हटलं. २९ ला जामनगर, दोन रात्री, नरारा ३० ला. ३१ ला दसाडा, १ तारखेची पहाट रणात, आणि घरी. दीव, द्वारका, कच्छ सगळं काढलं. नळ सरोवरही काढलं, यजमान थोडे हिरमुसले आहेत. परवाने मी स्वतः काढले, पाचही जणांची नावं तीनदा तपासून.

गिरनारी

जिप्सीत मफलर आणि कानटोपी विसरू नका. जानेवारीची पहाट उघड्या गाडीत हाडं गोठवते.

माहेर_प्रतापनगर (४ फेब्रुवारी)

काल कपडे धुऊन झाले, आज लिहायला बसले.

वेळावदरला पहिल्या संध्याकाळी ढग होते, भोवत्या थोडेच आले. दोन रात्री राहिलो म्हणून दुसरी संध्याकाळ मिळाली. सासऱ्यांच्या वहीत १३७ लिहिलंय, त्यापुढे "नंतर अंधार". शिवाय सकाळी एक लांडगा रस्ता ओलांडून गेला. तो थांबला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही.

गीरच्या पहिल्या सफारीत सिंह नाही. दुसऱ्या सफारीत दूर एक सिंहीण, झुडपाआड आडवी, फक्त शेपटीचा गोंडा उठायचा आणि पडायचा. धाकट्याने गोंडा मोजला, एकवीस वेळा. गिरनारी, तुम्ही म्हणालात तसं चितळ ओरडलं आणि गाडी बंद झाली, ती शांतता आम्हाला मिळाली. देवळियाला मात्र सासरे आणि लेक बसमध्ये असताना दोन नर रस्त्यातच झोपलेले, बस दहा मिनिटं अडकून. सासरे आता भेटेल त्याला ती पोटाखालची घडी हाताने करून दाखवतात.

नराराला पाणी खरोखर खूप मागे गेलं होतं. ऑक्टोपस वाटाड्याच्या आधी लेकीला दिसला. ती उकिडवी बसली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. तिने बोट दाखवलं तिथे त्याच्या डोळ्याखाली एक छिद्र उघडत होतं, मिटत होतं, श्वासाबरोबर. तिथेच तो तपकिरीचा राखाडी झाला. फुगा मासा फुगवू नका म्हणून आधीच सांगितलं होतं, वाटाड्यालाही ते आवडलं. म्हणाला, लोक उलट हट्ट करतात.

रणात दाट धुकं, नऊपर्यंत हात लांबवला तर दिसेना. यजमान चिडले, मग धुक्यातूनच घुडखरांचा कळप निघाला, अकरा जण, गाडीपासून वीस पावलांवर. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं. फोटो एकही धड नाही.

मृगजळ

फोटो नसू दे. अकरा घुडखर वीस पावलांवर, हे मी उद्या मुलाला वाचून दाखवणार.

निशिगंध

आईला यंदा परत नेतेय, नाव तपासून. ताई, सासणच्या दोन सफारींमध्ये एक दिवस मोकळा ठेवलात का?

माहेर_प्रतापनगर

हो, एक दुपार मोकळी. सासरे आडवे झाले आणि मुलं हॉटेलच्या मागच्या ओढ्यावर खंड्या बघत बसली. तुमच्या आईंनाही तसा आराम लागेल, ठेवाच.

विश्वामित्री

पुढचं सुचवू का? एप्रिलात मोहाची फुलं गळतात तेव्हा दाहोदकडच्या रतनमहालला अस्वलं पहाटे झाडांखाली येतात. बडोद्याहून काही तासांच्या गाडीवर, एक रात्र राहिलं की पुरे.

माहेर_प्रतापनगर

लेकीला सांगितलं. तिने आजोबांची वही मागून घेतली आणि नव्या पानावर "रतनमहाल, एप्रिल" लिहून ठेवलंय. तिथे राहण्याची सोय आणि परवाना कुठून, ते इथेच सांगाल का? गुडघ्यांसाठी खोली तळमजल्यावर हवी.